घरीं रचलेलें नृत्यसंगीत व मित्राचा कान

लग्नसराई लागली म्हणजे भोकरदन तालुक्यांतील आमच्या हसनाबादेंत वाद्यावांचून संध्याकाळ जाणें कठीण. पूर्वीं वरातीपुढें हलगी, संबळ आणि सनई असे. पुढें पितळी वाद्यांचा बँड आला. आतां गाडीवर रचलेले ध्वनिक्षेपक आले आहेत, व त्यांतून निघणाऱ्या संगीतास लहानथोर सर्वजण ‘डी. जे.’ या दोन अक्षरांनींच ओळखतात. हें संगीत तयार कोठें होतें, असें विचारल्यास वडील मंडळी ‘मुंबईस’ असें उत्तर देतील. परंतु त्यांतील कांहीं भाग आपल्यासारख्याच गांवांतील मुलांनीं, माळवदाच्या खोलींत बसून, एका साध्या संगणकावर रचलेला असतो, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नाहीं. या कलेची घडण कशी असते, ती आपल्या देशांत कशी आली, आणि तींत पुढें जावयाचें तर सोबत्यांकडून परीक्षण कसें मागावें व त्यांस तें कसें द्यावें, एवढ्याच गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

मी संगीताचा जाणकार नव्हे. वर्गांत विज्ञान शिकविणें आणि उपासनेच्या वेळीं पेटीवर भजनांस साथ करणें, एवढाच माझा अधिकार. तरीही हा विषय मीं कां घेतला, हें प्रथम सांगितलें पाहिजे. कारण त्याच्या मुळाशीं माझाच एक दोष आहे.

दोन वर्षांपूर्वीं दहावींतील एक विद्यार्थी शाळा सुटल्यावर माझ्याकडे आला. “सर, हें मीं घरीं केलें आहे. चुलतभावाच्या वरातींत लावायचें आहे. ऐकून सांगाल का?” असें म्हणून त्यानें आपला हेडफोन पुढें केला. मजसमोर तपासावयाच्या वह्यांचा ढीग होता. मीं हेडफोन कानास लाविला, अर्धें मिनिट ऐकल्यासारखें केलें, आणि “छान आहे, शाबास!” असें म्हणून तो परत केला. मुलगा आनंदानें निघून गेला. वरातीच्या दिवशीं मी तेथें होतों. त्याचें गाणें सुरू झालें मात्र, आणि खालच्या स्वरांचा असा गडगडाट उठला कीं सनई व शब्द दोन्ही त्यांत बुडून गेलीं. नाचणारे थबकले. “अरे, बंद कर तें!” असें कोणीतरी ओरडलें, आणि यंत्र चालविणाऱ्यानें मधूनच दुसरें गाणें लाविलें. सोमवारीं तो मुलगा मजकडे आला व त्यानें एवढेंच विचारलें, “सर, तुम्ही खरेंच ऐकलें होतें का?” मला उत्तर देतां आलें नाहीं. त्यानंतर कित्येक महिने त्यानें संगणकास हात लाविला नाहीं. हा लेख म्हणजे त्याच्या प्रश्नाचें उशिरां दिलेलें उत्तर आहे.

या संगीताची घडण

ज्या संगीतांतील बहुतेक स्वर व ठोके विजेच्या उपकरणांनीं निर्माण केलेले असतात, किंवा ध्वनिमुद्रित करून पुन्हां जोडलेले असतात, आणि ज्याची लय नाचण्याजोगी व अखंड सारखी असते, त्यास इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत म्हणतात. त्यांतील ‘हाउस’ नांवाच्या प्रकारांत एका मिनिटास साधारणपणें १२० ते १३० ठोके पडतात. चार ठोक्यांचें एक आवर्तन धरलें व गति मिनिटास १२८ ठोक्यांची ठेविली, तर एका आवर्तनास १.८७५ सेकंद लागतात. म्हणजे १६ आवर्तनांस बरोबर ३० सेकंद. हें गणित ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचा उपयोग होणार आहे.

पूर्वीं अशा कामास मोठीं व महाग यंत्रें लागत. आतां संगणकावरील एखाद्या प्रणालीनें तें घरीं करतां येतें. आपल्याकडील मुलांच्या परिचयाची ‘एफ. एल. स्टुडिओ’ ही प्रणाली बेल्जियम देशांतील इमेज-लाइन कंपनीची. ती १९९७ सालीं ‘फ्रूटी लूप्स’ या नांवानें निघाली, व २००३ सालीं तिचें नांव बदललें. तींत वहीवरील चौकटींसारखीं १६ घरें एका ओळींत असतात. ज्या घरांत खूण करावी, तेथें ठोका पडतो. एका ओळींत ढोलासारखा खालचा ठोका, दुसरींत टाळी, तिसरींत झांजेसारखा बारीक नाद, अशा ओळी एकावर एक रचीत जातात. त्यांवर खालच्या पट्टीचा बेस, मग सनईची किंवा सिंथेसायझरची सुरावट, आणि शेवटीं मानवी कंठ. सारांश, ही कला भिंत रचण्यासारखी आहे. थर मांडणें सोपें. कोणता थर कोणास झांकतो, हें ओळखणें कठीण.

न ऐकलेलें संगीत व ऐकलेलें संगीत

आपल्या देशांत ही कला अगदींच नवी आहे, असें नाहीं. १९६९ सालीं अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकारानें मूग सिंथेसायझर बसवून दिला, आणि गीता साराभाई, अतुल देसाई इत्यादिकांनीं त्यावर रचना केल्या. त्या रचनांच्या फिती पुढें संस्थेच्या संग्रहांत पडून राहिल्या, व त्यांतील निवडक रचना २०२३ सालीं प्रसिद्ध झाल्या.

दुसरा दाखला मुंबईचा आहे. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजित सिंग यांनीं जपानच्या रोलँड कंपनीचीं तीन यंत्रें मिळविलीं: ठोके देणारें टी. आर. ८०८, बेस वाजविणारें टी. बी. ३०३, आणि ज्युपिटर ८ हा सिंथेसायझर. घरीं त्यांचा मेळ घालून पाहतां तो त्यांस गोड वाटला, आणि १९८२ सालीं ‘टेन रागाज टू ए डिस्को बीट’ ही त्यांची तबकडी निघाली. भैरव, ललित, यमन असे दहा राग त्यांनीं यंत्राच्या अखंड लयीवर बसविले होते. तबकडी फारशी खपली नाहीं. २०१० सालीं ती परदेशांत पुन्हां निघाली, तेव्हां तिकडील जाणकार चकित झाले. कारण अमेरिकेंत १९८७ च्या सुमारास नांवारूपास आलेल्या ‘अ‍ॅसिड हाउस’ नामक संगीताशीं तिचें विलक्षण साम्य होतें. सिंग यांच्या आयुष्याचीं शेवटचीं थोडीं वर्षें या कौतुकांत गेलीं. २०१५ सालीं ते निवर्तले.

आतां त्या अमेरिकन संगीताचीही हकीकत ऐका. शिकागो शहरांतील ‘फ्यूचर’ नांवाच्या तरुणांच्या मंडळीनें तेंच टी. बी. ३०३ यंत्र जुनें विकत घेतलें. तें खपेना म्हणून कंपनीनें त्याचें उत्पादन १९८४ सालींच बंद केलें होतें. त्या यंत्राच्या कळा वाटेल तशा फिरवितां फिरवितां निघालेला विचित्र चिवचिवाट त्यांनीं फितीवर भरला, व ती फीत रॉन हार्डी या नृत्यगृहांत तबकड्या वाजविणाऱ्या गृहस्थास नेऊन दिली. त्या मंडळीनें पुढें सांगितल्याप्रमाणें, प्रथम ती वाजतांच नाचणारे जागा सोडून निघून गेले. हार्डीनें त्याच रात्रीं ती पुन्हां पुन्हां लाविली, आणि चौथ्या वेळीं तेच लोक बेभान होऊन नाचूं लागले. पुढें मार्शल जेफर्सन या अनुभवी निर्मात्यानें गति थोडी उतरविण्याचा सल्ला दिला. तो मानून ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही तबकडी १९८७ सालीं निघाली व एका नव्या संगीतप्रकाराची सुरुवात ठरली.

यंत्र तेंच. मुंबईकरांची कृति पांच वर्षें आधींची, व रागांच्या दृष्टीनें अधिक अभ्यासाची. तथापि शिकागोच्या मुलांपाशीं एक गोष्ट होती: फीत आवर्जून ऐकणारा, ती लोकांपुढें चारदां ठेवणारा व सुधारणा सुचविणारा त्याच धंद्यांतील सोबती. तो मुंबईंत सिंग यांच्या आसपास नव्हता; कारण तशा संगीतावर काम करणारेच तेथें मोजके. आज ही अडचण उरलेली नाहीं. क्रेटेक्स या नांवानें काम करणारे मुंबईचे निर्माते व श्रेयस सागवेकर यांचें ‘तांबडी चामडी’ हें मराठी शब्दांचें हाउस गाणें २०२४ सालीं नेदरलँड्समधील स्पिनिन रेकॉर्ड्स या कंपनीनें प्रसिद्ध केलें. मराठी बोल व ही लय यांचें जमतें, हें आतां निराळें सिद्ध करावयास नको. प्रश्न उरतो तो आपण एकमेकांचें नीट ऐकतों कीं नाहीं, हा.

स्वतःचा कान कां फसतो

“मीं शंभरदां ऐकलें आहे, मग दुसऱ्याची गरज काय?” असें कोणी म्हणेल. शंभरदां ऐकलें, हेंच फसण्याचें पहिलें कारण. शब्द स्वतः लिहिले असल्यामुळें ते ऐकूं आले नाहींत तरी मन ते भरून घेतें. आपल्याच निबंधांतील गळालेलें अक्षर आपल्यास दिसत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

दुसरें कारण कानाच्या रचनेंत आहे. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेंतील फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालीं प्रयोगानें दाखविलें कीं, आवाज लहान असतां आपल्या कानास खालचे स्वर फार दुबळे ऐकूं येतात. आवाज वाढविला म्हणजे तेच स्वर इतरांच्या मानानें झपाट्यानें पुढें येतात. रात्रीं घरचीं माणसें निजलीं असतां हळू आवाजांत गाणें रचणारा मुलगा बेस कमी वाटतो म्हणून तो वाढवितो; गाडीवरच्या ध्वनिक्षेपकांतून तोच बेस गर्जना करून सर्वांस गिळतो. माझ्या विद्यार्थ्याचें नेमकें हेंच झालें होतें.

तिसरें कारण खोली. ध्वनि हवेंत सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. म्हणून ५० हर्ट्झच्या खालच्या स्वराची एक लहर जवळजवळ ७ मीटर लांब असते. आपली खोली तीन-चार मीटरांची. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात. त्यामुळें तो स्वर कोपऱ्यांत फुगतो व खोलीच्या मध्यावर दुबळा होतो. आपण कोठें बसलों, यावर आपला निर्णय ठरतो. चौथें कारण साधन. मोबाइलच्या चिमुकल्या ध्वनिक्षेपकांतून ढोलाचा मूळ स्वर जवळजवळ निघतच नाहीं. जें ऐकूंच येत नाहीं, त्याची पारख कशी व्हावी?

हलगी वाजविणारा ती जाळावर शेकतो, टिचकी मारून पाहतो, पुन्हां शेकतो. तेथें वाद्य व कान एकाच मोकळ्या जागेंत असतात. संगणकावर रचणाऱ्याची जागा एक व वाजण्याची जागा दुसरी. या दोहोंमधील अंतर भरून काढण्यास दुसऱ्या ठिकाणचा, दुसऱ्या साधनाचा आणि दुसऱ्या मनाचा कान लागतो.

परीक्षण कसें मागावें

मीं त्या विद्यार्थ्यापाशीं माझी चूक कबूल केली. पुढें भोकरदनचा एक व राजूरचा एक, असे दोन याच नादाचे मित्र त्यास मिळाले. तिघे दर रविवारीं आपापलें काम मोबाइलवरून एकमेकांस धाडूं लागले. त्यांचा क्रम वर्षभर पाहून जे नियम मला दिसले, ते येथें देतों.

१. काम अपुरें असतांनाच दाखवावें. पूर्ण झालेल्या कृतीवर जीव जडतो, व मग दोष ऐकवत नाहीं.

२. ‘कसें वाटलें?’ असें विचारूं नये; त्याचें उत्तर ‘छान’ हेंच येतें. ‘दुसऱ्या मिनिटांत शब्द स्पष्ट ऐकूं येतात का?’ असें नेमकें विचारावें.

३. आधींच सबबी सांगूं नयेत. ‘घाईंत केलें आहे’ असें म्हटलें कीं ऐकणारा भिडेस पडतो.

४. दोघां-तिघांसच धाडावें, त्यांत एक तरी याच कामाचा जाणता, व एक तरी केवळ नाचणारा असावा. पहिला दोषाचें कारण सांगतो. दुसऱ्याचे पाय दोषाची जागा दाखवितात.

५. ऐकतांना वाद घालूं नये. वहींत लिहून घ्यावें. तिघांनीं एकाच जागीं बोट ठेविलें तर तेथें दोष निश्चित आहे असें समजावें. त्यांनीं सुचविलेला उपाय मात्र चुकीचा असूं शकतो. उपाय शोधणें हें कर्त्याचें काम.

परीक्षण कसें द्यावें

१. तीनदां ऐकावें: एकदां हेडफोनवर, एकदां मोठ्या ध्वनिक्षेपकावर, एकदां मोबाइलवर. वेळ नसेल तर ‘आज वेळ नाहीं’ असें स्पष्ट सांगावें. न ऐकतां केलेली स्तुति निंदेहूनही घातक होते; निंदेनें मनुष्य सावध तरी होतो.

२. जागा सांगावी. मघाचें गणित येथें उपयोगी पडतें. ‘सुरुवात कंटाळवाणी आहे’ असें म्हणण्यापेक्षां ‘पहिला एक मिनिट, म्हणजे ३२ आवर्तनें, कांहींच बदलत नाहीं, १६ आवर्तनांनंतर टाळी आणून पाहा’ असें म्हटलें म्हणजे ऐकणाऱ्याच्या हातीं कांहीं पडतें.

३. जें उत्तम साधलें आहे, तें प्रथम व खरें खरें सांगावें. तें गोडवा आणण्यासाठीं नव्हे. दुरुस्ती करतांना तेंच मोडून जाऊं नये, म्हणून.

४. कृतीविषयीं बोलावें, कर्त्याविषयीं नव्हे. ‘४५ व्या सेकंदाला ढोल व बेस एकाच जागीं बसतात, एकास बाजूस सार’ हें परीक्षण. ‘तुला जमत नाहीं’ हा केवळ अपमान. दोन्ही बोलावयास वेळ सारखाच लागतो.

५. मित्राचें गाणें आपलें करूं नये. त्यास संबळ हवा असेल, तर ‘त्याऐवजीं गिटार घाल’ असें न सांगतां तो संबळ अधिक चांगला कसा वाजेल, तें सांगावें.

दोन मर्यादा

देवाणघेवाणींत दोन गोष्टींचें भान ठेवावें. पहिली, मालकीची. दुसऱ्याचें गाणें कापून आपल्या ठोक्यावर बसविलें म्हणजे तें आपलें होत नाहीं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानें रचनाकार व ध्वनिमुद्रण करणारा यांस हक्क दिलेले आहेत. परवानगीवांचून तें काम प्रसिद्ध करूं नये. गांवांतील हलगीवाल्याचें वादन मोबाइलवर मुद्रित करून घेतलें असेल, तर त्यास विचारावें, त्याचें नांव द्यावें, व मोबदला मिळाल्यास त्याचा वांटा त्यास पोंचवावा. मित्रानें विश्वासानें धाडलेलें अपुरें काम तिसऱ्यास ऐकवूं नये, हाही त्याच नियमाचा भाग.

दुसरी मर्यादा आवाजाची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास सामान्यतः मनाई आहे. डेसिबल १० नें वाढले म्हणजे ध्वनीची शक्ति दसपट होते, हें विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. नियम केवळ शेजाऱ्यांसाठीं नाहींत. मोठ्या आवाजानें कानांतील सूक्ष्म केसांच्या पेशी एकदां मेल्या म्हणजे पुन्हां उगवत नाहींत, आणि ज्याचा कान गेला, तो मित्राचें परीक्षण काय करणार?

उपसंहार

यंदाच्या लग्नसराईंत त्या विद्यार्थ्याचें दुसरें गाणें वाजलें. आधीं तिघांनीं तें चारदां दुरुस्त केलें होतें. भोकरदनच्या मित्रानें बेस निम्मा करावयास लाविला. राजूरच्यानें सनईच्या मुद्रणांतील खालचा गुरगुराट काढून टाकावयास सांगितलें. आणि लग्नाच्या दिवशीं दुपारीं, गाडी रिकामी उभी असतां, मंद आवाजांत तें एकवार लावूनही पाहिलें. संध्याकाळीं लोक नाचले. फार मोठा विजय झाला असें नव्हे. मधल्या भागांत पाय जरा मंदावले, हें मलाही दिसलें. परंतु यावेळीं तो मुलगा गर्दींतून निघून गेला नाहीं. तो गाडीजवळ उभा राहून, कोणत्या जागीं पाय मंदावले, तें वहींत टिपून घेत होता.

विद्यार्थिमित्रहो, कला घरीं एकट्यानें रचतां येते; पण ती पुरी होण्यास ऐकणारा लागतो, आणि खरें ऐकणारा मिळावयाचा असेल तर आधीं आपण दुसऱ्याचें खरें ऐकावें लागतें. निबंध असो, चित्र असो, भजन असो कीं डी. जे. चें गाणें असो, नियम एकच आहे.

गेल्या आठवड्यांत तो नवें काम घेऊन पुन्हां माझ्याकडे आला. “सर, वेळ असेल तेव्हांच ऐका,” असें म्हणाला. वह्यांचा ढीग पूर्वींसारखाच समोर होता. मीं तो बाजूस सारला व त्याचा हेडफोन हातीं घेतला.